मुरुमांवरचे अ‍ॅडापलीन जेल : काम चोख, पण सावकाश

अ‍ॅडापलीन ०.१ टक्के या घटकाचे जेल मेडिकलच्या दुकानात १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये मिळते. निरनिराळ्या कंपन्या ते निरनिराळ्या नावांनी विकतात. आमच्या घरात त्यांतल्या दोन कंपन्यांच्या ट्यूब वापरून झाल्या आणि परिणामात काही फरक जाणवला नाही, म्हणून हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचे न करता त्या औषधाचेच करते आहे. वापरणारे आम्ही दोघे : तिशी ओलांडल्यावरही हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरुम येणारी मी, आणि लातूरला वसतिगृहात राहून नीटची तयारी करणारा माझा भाचा, ज्याचे कपाळ आणि दोन्ही गाल दहावीच्या सुट्टीपासूनच भरून आले होते. दोघांनाही हे जेल त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिले. सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या मुरुमांसाठी मी त्याला पाचपैकी चार गुण देते. एक गुण कापला आहे तो हे औषध ज्या रीतीने आपल्या हाती पडते त्यासाठी. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

या जेलविषयीची निम्मी नाराजी एकाच गैरसमजातून येते. मुरुम चेहऱ्यावर दिसू लागला की तो आज उगवला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याची तयारी कित्येक आठवडे आधीपासून त्वचेच्या आत चाललेली असते. चेहरा, छाती आणि पाठीवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन या संप्रेरकांमुळे ती अधिक तेल स्रवू लागते. त्याच सुमारास रंध्राच्या आतल्या अस्तरातील मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तेलात मिसळून आतल्या आत एक बारीक बूच तयार होते, जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्या बंद, तेलकट, प्राणवायू कमी असलेल्या जागेत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू फोफावतो. तो सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. २०१६ पर्यंत त्याचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस असे होते आणि जुन्या पुस्तकांत तेच सापडेल. शरीर त्याच्याशी झुंजू लागले की दाह होतो, आणि मग आपल्याला ती लाल, ठणकणारी, कधी पूने भरलेली पुटकुळी दिसते. बुचाचे तोंड उघडे राहिले तर वरचे टोक काळे पडते. तो काळेपणा मळाचा नसतो. बुचातील मेलॅनिन हे रंगद्रव्य हवेच्या संपर्काने काळवंडते, त्यामुळे खसाखसा तोंड घासून तो निघत नाही. घासल्याने दाह मात्र वाढतो.

अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड गटातील, म्हणजे अ जीवनसत्त्वासारखे काम करणारे औषध आहे, आणि ते नेमके या बुचावर काम करते. रंध्राच्या अस्तरातील पेशी वेळच्या वेळी सुट्या व्हाव्यात आणि नवे बूच बनू नये अशी व्यवस्था ते करते. शिवाय दाहही काही प्रमाणात कमी करते. यातून उघड होते की आज आरशात दिसणारा मुरुम बसवणे हे त्याचे मुख्य काम नाही. पुढच्या महिन्यात जे मुरुम दिसायचे आहेत त्यांना ते आजच अडवते, आणि जे आधीच वाटेवर आहेत ते येऊन जाईपर्यंत आपल्याला थांबावे लागते. डॉक्टर ८ ते १२ आठवडे सांगतात ते याच हिशेबाने. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून ट्यूब कपाटात टाकणाऱ्याने औषध वापरलेच नाही असे समजावे.

अमेरिकेत अ‍ॅडापलीनला १९९६ मध्ये मान्यता मिळाली आणि जुलै २०१६ पासून तिथे ०.१ टक्के जेल बारा वर्षे व त्यापुढील वयाच्या कुणालाही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत घेता येते. आपल्याकडे ते चिठ्ठीवर घ्यायचे औषध आहे, जरी दुकानदार चिठ्ठी मागतोच असे नाही. याच गटातील जुने औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. त्याच्या तुलनेत अ‍ॅडापलीन त्वचेला कमी झोंबते, उजेडात लवकर निकामी होत नाही आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड या जिवाणू मारणाऱ्या औषधाबरोबर लावले तरी टिकून राहते. हा शेवटचा गुण व्यवहारात फार उपयोगाचा आहे, कारण बहुतेक डॉक्टर ही दोन्ही औषधे जोडीने देतात.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. जेल पांढरे आणि मऊ असते, त्याला वास नसतो आणि चेहऱ्यावर पसरताच ते मुरते. तेलकट थर मागे राहत नाही, त्यामुळे उकाड्याच्या गावातही ते लावणे नकोसे होत नाही. प्रमाण मात्र सांभाळावे लागते. संपूर्ण चेहऱ्यासाठी हरभऱ्याच्या दाण्याएवढे जेल पुरते. ते बोटावर घेऊन कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि मग सगळीकडे पातळ पसरायचे. जिथे मुरुम दिसतो तिथे टिपका लावायचा ही आपली जुनी सवय इथे कामाची नाही, कारण पुढचा मुरुम कुठे दडला आहे ते आपल्याला माहीत नसते. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे वगळावेत. तिथली त्वचा सर्वांत आधी सोलवटते. लावण्याची वेळ रात्रीची. सौम्य फेसवॉशने तोंड धुऊन, ते पूर्ण कोरडे होऊ देऊन मगच लावावे, कारण ओल्या त्वचेवर लावल्यास आग अधिक होते. ज्यांना फारच आग होते त्यांनी आधी साधे मॉइश्चरायझर लावून त्यावर जेल लावावे, किंवा सुरुवातीला एका रात्रीआड लावावे. माझ्या डॉक्टरांनी मला एका रात्रीआडच सुरू करायला सांगितले होते आणि पहिला महिना त्यामुळेच सुसह्य झाला असे मला वाटते.

सुसह्य म्हणजे सुखाचा नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडते, ओढल्यासारखी होते, नाकाच्या बाजूने आणि हनुवटीवर पापुद्रे निघतात. काहींना मुरुम आधी वाढल्यासारखे वाटतात. घरातल्या इतरांना या काळात आपल्या चेहऱ्यावर मत देण्याचा हक्क मिळाल्यासारखे वाटते हा त्याचा आणखी एक दुष्परिणाम, जो कागदावर छापलेला नसतो. आमच्याकडे आईचा ठाम निष्कर्ष असा की ही सगळी उष्णता आहे. त्यावर सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी आणि सोललेल्या जागी खोबरेल तेल. सब्जा आणि धने-जिऱ्याला माझी काही हरकत नाही. खोबरेल तेलाला आहे. ते रंध्रे बंद करणाऱ्या पदार्थांत मोडते, आणि डोक्याला भरपूर तेल चोपडून झोपणाऱ्यांच्या कपाळावर, केसांच्या रेषेला लागून बारीक पुटकुळ्यांची रांग उठते हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक असलेले लक्षण आहे. भाच्याच्या कपाळाचा बराचसा दोष तेलाचा होता. डॉक्टरांनी जेलच्या आधी तेच बंद करायला लावले. वसतिगृहात पाठवताना ताईने तेलाची मोठी बाटली बरोबर दिली होती, ती तशीच परत आली.

आहाराबद्दलही एक सांगायला हवे, कारण मुरुम असलेल्या माणसाच्या ताटाकडे सगळ्यांचेच लक्ष असते. तळलेले खाल्ले की ते तेल चेहऱ्यावर येते या समजाला आधार नाही. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि दूध, विशेषतः व्यायामशाळेतल्या मुलांचे व्हे प्रथिन, यांचा मुरुमांशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. तेवढे आवरून पाहायला हरकत नाही, पण बटाटेवडा सोडून चेहरा स्वच्छ होईल ही आशा धरू नये.

या औषधाची खरी परीक्षा होते ती रुग्णाच्या धीरावर, आणि धीर किती उरला आहे ते त्या चेहऱ्याने त्याचे काय केले आहे यावर ठरते. मुरुम हा किरकोळ आजार समजला जातो कारण त्याने कुणी दगावत नाही आणि तो जवळजवळ सगळ्यांना होतो. २०१० च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातील सुमारे ९.४ टक्के लोकांना त्या वेळी मुरुम होते, आणि प्रमाणाच्या दृष्टीने तो जगातला आठव्या क्रमांकाचा आजार ठरला. पण १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुरुमांसाठी रुग्णालयात आलेल्या लोकांनी सांगितलेला सामाजिक आणि मानसिक त्रास हा दमा, अपस्मार, मधुमेह, पाठदुखी किंवा संधिवाताच्या जुन्या रुग्णांइतकाच असल्याचे आढळले. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. भाच्याच्या डॉक्टरांनी त्याच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. कार्डिफ येथे १९९४ मध्ये तयार झालेली ही दहा प्रश्नांची यादी त्वचेच्या आजाराने गेल्या आठवड्यात तुमच्या जगण्यात किती अडथळा आणला ते विचारते : लाज वाटली का, कपडे निवडताना विचार करावा लागला का, लोकांत मिसळणे टाळले का, अभ्यासात किंवा कामात व्यत्यय आला का. तिच्यात मुरुम किती आहेत, कुठे आहेत हे कुठेच विचारलेले नाही.

ताई ती भरलेली प्रश्नावली पाहून गप्प झाली. करोनाचे निर्बंध उठून बराच काळ लोटला तरी हा मुलगा वर्गात मास्क लावून बसत होता, आणि मास्कच्या घर्षणाने व घामाने गालांवरचे मुरुम आणखी चिघळत होते. मेसमध्ये जेवताना मास्क काढावा लागतो म्हणून तो सगळ्यांच्या शेवटी जेवायला जाई, तोवर पोळ्या गार झालेल्या असत. रोजच्या व्हिडिओ कॉलला कॅमेरा बंद ठेवण्याचे कारण त्याने नेटवर्क असे सांगितले होते आणि ताईने ते खरे मानले होते. मुलींच्या मुरुमांची चर्चा तरी होते, भले ती लग्नाच्या काळजीतून का असेना. मुलाने याबद्दल काही बोलावे अशी घरात सोयच नसते. वजन, केस, चष्मा यांवर बोलणारे काका-मामा मुलाच्या चेहऱ्यावर फक्त थट्टा करतात. माझ्या बाबतीत, लग्न झाले की आपोआप जातील असे मला कांदेपोह्यांच्या काळात अनेकींनी सांगितले होते. लग्न झाले, मुरुम माझ्याबरोबर सासरी आले.

धीर संपलेला माणूस काय करतो, त्याचे उत्तर भाच्याच्या खोलीतल्या फळीवर सापडले. तिथे एक गुलाबी ट्यूब होती, जी जवळच्या एका औषधाच्या दुकानातून मुलांनी आपापसात वर्गणी काढून आणली होती. तिच्यात मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण होते. हे मिश्रण मुळात वांगासारख्या डागांवर, थोड्या काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे. पण आपल्याकडे ते गोरे करणारे आणि मुरुम घालवणारे मलम म्हणून सर्रास खपते. भाचा मला म्हणाला होता, ‘मावशी, ती क्रीम लावली की दोन दिवसांत चेहरा चकचकीत होतो. ही डॉक्टरांची ट्यूब तर नुसती सालं काढतेय.’ त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ते दाह आणि लाली झटपट दाबते आणि रंगही उजळतो. काही आठवड्यांनी मात्र त्याच स्टेरॉइडमुळे एकसारख्या आकाराच्या नव्या पुटकुळ्या उठतात, त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि लेप थांबवला की अशी आग होते की माणूस घाबरून पुन्हा तोच लावतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या विरोधात बरीच वर्षे मोहीम चालवते आहे, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेल्या अनेक मलमांना चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये घातले. फळीवरची ती ट्यूब चिठ्ठीविना आली होती.

डॉक्टरांनी ते मलम थांबवले आणि जेलही काही काळ बाजूला ठेवले, कारण आधीच चिडलेल्या त्वचेवर रेटिनॉइड लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे. फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चेहरा शांत झाल्यावर अ‍ॅडापलीन पुन्हा एका रात्रीआड सुरू झाले. हे सगळे एका अर्थाने जेलच्या परीक्षणाबाहेरचे आहे, पण प्रत्यक्ष बाजारात त्याची स्पर्धा याच गुलाबी ट्यूबशी आहे, दुसऱ्या कुठल्या चांगल्या औषधाशी नाही, आणि वेगाच्या शर्यतीत ते दर वेळी हरते.

जोडीला दिले जाणारे बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जिवाणू मारण्याचे काम करते. प्रतिजैविकांना जिवाणू सरावतात, तसा याला सराव झाल्याचे आढळलेले नाही. म्हणूनच क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक एकटे न लावता याच्यासह लावावे असा आजचा सल्ला आहे, आणि अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही रेटिनॉइड आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड या दोहोंची ठाम शिफारस आहे. ते २.५, ५ आणि १० टक्क्यांत मिळते. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असा समज असतो, पण २.५ टक्क्यांचे जेल लाल मुरुमांवर जवळपास तेवढेच काम करते आणि त्वचेला कमी जाळते हे १९८० च्या दशकातच दिसून आले आहे. आम्ही दोघांनीही २.५ टक्क्यांचेच वापरले. त्याचा उपद्रव वेगळ्याच ठिकाणी होतो : ते कापडाचा रंग उडवते. माझ्या गडद तपकिरी टॉवेलवर तोंड पुसायच्या जागी फिकट नारिंगी चट्टे उठले, जे कुठल्याही धुण्याने जात नाहीत कारण ते डाग नसून रंगच नाहीसा झालेला असतो. उशीच्या अभ्र्याचे, टी-शर्टच्या गळ्याचे तेच. पांढरा पंचा आणि पांढरा अभ्रा हाच त्यावरचा उपाय. उन्हाने तापणाऱ्या खोलीत ही ट्यूब खिडकीत ठेवू नये. उष्णतेत बेन्झॉइल पेरॉक्साइडचे विघटन होऊन बेन्झीन हे घातक रसायन तयार होऊ शकते असा प्रश्न २०२४ मध्ये अमेरिकेत उपस्थित झाला होता. तिथल्या औषध प्रशासनाने पुढे ९५ उत्पादने तपासली, त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेन्झीन आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले, आणि मोजकी उत्पादने बाजारातून मागे घेतली गेली. घाबरण्यासारखे त्यात काही नाही, मात्र लातूरच्या उन्हाळ्यात ट्यूब पत्र्याखालच्या फळीवर न ठेवता सावलीत, गार जागी ठेवावी एवढे खरे.

अ‍ॅडापलीनचा परिणाम आम्हाला कसा दिसला? आधी कपाळाचा खरखरीतपणा गेला, म्हणजे हात फिरवल्यावर लागणारे ते बारीक दाणे. मग नवे लाल मुरुम येण्यातले अंतर वाढत गेले. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास भाच्याच्या गालांवर एका वेळी मोजके उरले. माझ्या बाबतीत गुण कमी आला. जबड्याच्या कडेने, पाळीच्या आधी उसळणारे मोठे, खोल मुरुम हे संप्रेरकांशी अधिक निगडित असतात. अशा वेळी, विशेषतः पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घ्यावी लागते आणि नुसते जेल पुरे पडत नाही. माझे बारीक मुरुम थांबले, मोठ्यांसाठी मला पोटातले औषध घ्यावे लागले.

काळ्या डागांविषयी अपेक्षा आटोक्यात ठेवाव्यात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मुरुम बसला तरी त्याच्या जागी तपकिरी-काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि पुष्कळांना मुरुमापेक्षा त्याचेच दुःख जास्त असते. अ‍ॅडापलीन हे डाग हळूहळू फिके करते, पण सनस्क्रीन लावले नाही तर ऊन ते पुन्हा गडद करत राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. सोललेल्या त्वचेला ऊन अधिक लागतेही. सकाळी सनस्क्रीन हा या उपचाराचाच भाग आहे आणि त्याचा खर्च ट्यूबच्या खर्चात धरावा. खड्डे ही पूर्ण वेगळी गोष्ट. ते त्वचेच्या आतल्या थरातील इजेमुळे पडतात. त्यांच्यासाठी सुईचे, लेझरचे उपचार आहेत, ते मुरुम थांबल्यावर करायचे आणि ते खर्चिक असतात. म्हणून खड्डे पडण्याआधी उपचार सुरू करणे शहाणपणाचे. भाच्याच्या डाव्या गालावर दोन-तीन खड्डे राहिले आहेत, आणि ते सगळे बोटांनी फोडलेल्या मुरुमांच्या जागी आहेत.

आता कापलेल्या गुणाबद्दल. ट्यूबबरोबर येणारी माहितीची घडी इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेली होती. तिच्यात औषधाचे रासायनिक वर्णन होते, प्राण्यांवरच्या चाचण्या होत्या. किती घ्यायचे ते साध्या शब्दांत नव्हते, पहिले काही आठवडे त्रास वाढेल हे ठळकपणे कुठेच नव्हते. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडे पाच मिनिटे असतात आणि त्यांनी सांगितलेले निम्मे दुकानापर्यंत पोहोचेस्तोवर विसरलेले असते. बारा आठवडे लागतील, आधी साले निघतील, हरभऱ्याएवढेच घ्या, सनस्क्रीन लावा : एवढी चार वाक्ये मराठीत खोक्यावर छापली असती तर कितीतरी ट्यूब अर्ध्यावर फेकल्या गेल्या नसत्या. दुसरी तक्रार नावांची. याच औषधाच्या नावापुढे दोन-तीन इंग्रजी अक्षरे जोडून त्यात क्लिंडामायसिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड मिसळलेली जेल विकली जातात. दुकानदाराने एकदा साध्या जेलऐवजी प्रतिजैविक असलेले जेल हातात ठेवले आणि ‘तेच आहे हो, जास्त चांगलं’ असे सांगितले. ते तेच नव्हते. खोके उघडण्याआधी नावाखालचा घटकांचा बारीक मजकूर वाचावा आणि तिथे अ‍ॅडापलीन ०.१ टक्के याखेरीज काही लिहिले असेल तर चिठ्ठीशी ताडून पाहावे.

गरोदर असलेल्या किंवा लवकरच मूल व्हावे असे ठरवलेल्या स्त्रियांनी हे जेल वापरू नये. युरोपीय औषध संस्थेने २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या रेटिनॉइडबाबत ही खबरदारी स्पष्टपणे सांगितली आहे. इसब असलेल्या, जखम असलेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या त्वचेवर ते लावू नये. पार्लरमध्ये चेहऱ्यावर वॅक्सिंग करायचे असेल तर आधी काही दिवस बंद ठेवावे, नाहीतर केसांबरोबर त्वचाही निघते. मोठ्या, खोल, गाठीसारख्या मुरुमांसाठी, किंवा पाठ-छाती भरून येऊन व्रण पडू लागले असतील तर, जेलवर महिने घालवू नयेत. अशा वेळी डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विचार करतात. १९८२ पासून वापरात असलेले ते फार प्रभावी औषध आहे, पण गर्भाला त्यामुळे गंभीर व्यंगे येतात, म्हणून स्त्रियांना ते गर्भनिरोधनाची खात्री करून आणि तपासण्या करूनच दिले जाते. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ते कदापि घेऊ नये.

सांगितलेल्या प्रमाणात लावल्यास १५ ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिना पुरते. कंपनीनुसार किमतीत बराच फरक पडतो, तेव्हा त्याच घटकाचे दुसऱ्या कंपनीचे स्वस्त जेल आहे का हे जरूर विचारावे. चेहरा स्वच्छ झाल्यावर लगेच थांबवण्याची चूक करू नये, कारण बुचे पुन्हा बनू लागतात आणि दोन-तीन महिन्यांत मुरुम पुन्हा पहिल्यासारखे येऊ लागतात. भाच्याला डॉक्टरांनी आता आठवड्यातून तीन रात्री लावायला सांगितले आहे, आणि नीटची परीक्षा होईपर्यंत त्यात काही बदल करायचा नाही असेही.